नांगर, माळरान आणि कारखान्याचा हिशेब : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे एम.बी.ए. करीत आहेत, काही तर इथल्याच आयआयएममध्ये. त्यांना 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट' हा विषय असतो. आम्ही बी.कॉम. केले तेव्हा हे नाव आमच्या कानावरही आले नव्हते. पुढे बँकेत कारखान्यांची कर्जप्रकरणे पाहता पाहता थोडे कळू लागले. सोप्या भाषेत सांगायचे तर कच्चा माल, यंत्रे, माणसे आणि वेळ यांची सांगड घालून चांगला माल ठरल्या वेळी, परवडेल अशा खर्चात गिऱ्हाइकाच्या हाती देणे, एवढाच त्याचा अर्थ. हे सारे ज्यांनी पुस्तकाविना करून दाखवले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण २० जूनच्या जयंतीनिमित्त करू या. शेजारच्या देवासला किर्लोस्कर पंपांचा कारखाना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या नावाची ही सुरुवात.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावचा. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आले. रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटने शिकून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले.

तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचे दुकान होते. 'किर्लोस्कर बंधू' या नावाची सुरुवात १८८८ची मानली जाते. सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर. माल चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

जम बसतो न बसतो तोच नवे संकट आले. नव्या वस्तीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. लक्ष्मणराव चाळिशीत होते. पदरी कामगार होते, यंत्रे होती, पण जागा नव्हती.

इथे आम्ही क्षणभर थांबतो. माल दोन वर्षे पडून राहिलेला, जागा गेलेली, गिऱ्हाइकाच्या मनात शंका. हा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही मंजूर केला असता का? खरे सांगायचे तर बहुधा नाही. कागदावर त्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मात्र कागद पाहिला नाही, माणूस पाहिला. औंधला देवीच्या मंदिराचा सभामंडप बांधताना लक्ष्मणरावांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेले माळरान. १९१० साली बेळगावहून कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे आले. आता विषयाच्या दृष्टीने पाहा. जागा ओसाड, पण दाराशी रेल्वे. लोखंड आणि कोळसा येणार आणि जड नांगर जाणार, ते रेल्वेनेच. वाहतूक सोपी तर निम्मे काम सोपे. माणसे दूरवरून येणार म्हणून कारखान्यासोबत वसाहत उभी केली. तिचा भार रामूअण्णांनी उचलला. किर्लोस्करवाडी ती हीच.

माणसे निवडण्यातही त्यांची दृष्टी वेगळी होती. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी असे सहकारी त्यांनी जोडले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे एकेकाळी दरोड्याची शिक्षा झालेले लोक. लक्ष्मणरावांनी त्यांनाच कारखान्याच्या राखणीला ठेवले आणि त्यांनीही तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. मागणी असून माल करता येत नाही, ही कारखानदाराची सर्वांत मोठी कसोटी. मिळेल त्या साधनांवर त्यांनी काम चालू ठेवले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनीची नोंदणी झाली. पुढे पंप निघाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून एम.आय.टी.चे शिक्षण घेऊन आले आणि हरिहर, बंगलोर, पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत नांगर ओढणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या घरांना सांगायला नको. ती मेहनत कमी व्हावी म्हणून एका माणसाने आधी न खपणारा माल सुधारला, मग माळ साफ केला आणि मग माणसे उभी केली. क्रम हाच होता.

मुलांनी विषय जरूर शिकावा, गुण मिळवावेत. पण सुट्टीत एखादा कारखाना आतून पाहावा. कच्चा माल कुठून येतो, काम कुठे अडते, तयार माल किती दिवस पडून राहतो, हे तिथल्या कामगाराला विचारावे. आणि आमच्यासारख्या कर्ज देणाऱ्यांच्या खुर्चीत उद्या जे बसतील, त्यांनी ताळेबंद पाहून झाल्यावर एकदा समोरच्या माणसाचे काम पाहायलाही जावे. औंधच्या राजांनी तेवढेच केले होते.