लेझर बीम मोजणारं सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं, पण त्यामागचा गणितज्ञ आपलं गणित कपाटात ठेवायचा

लेझरचा बीम आपल्याला नुसता ठिपका वाटतो. कॅमेऱ्याने त्याचा फोटो घेतला की कळतं, उजेड मधोमध जास्त आणि कडेला कमी होत गेलेला असतो. आलेख काढला तर घंटेचा आकार. हा गाऊसियन बीम.

तो किती रुंद आहे हे मोजणारी ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. कोड खुला, कुणीही वापरा. बीमला ज्याचं नाव मिळालं त्या कार्ल फ्रेडरिक गाऊसचा कारभार मात्र उलटा होता.

जन्म १७७७ चा, जर्मनीतल्या ब्राऊनश्वाइगचा. वडील गवंडीकाम, बागकाम असं मिळेल ते करायचे. पोराची हुशारी बघून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला.

१८०१ साली सेरेस हा लघुग्रह सापडला आणि थोड्याच दिवसांत सूर्याच्या उजेडात हरवला. २४ वर्षांच्या गाऊसने मोजक्या नोंदींवरून त्याची जागा काढून दिली. वर्षाच्या शेवटच्या रात्री तो तिथेच जवळपास सापडला.

हे केलं कसं, ते त्याने छापलं १८०९ मध्ये. तोवर फ्रान्सच्या लजांद्रने १८०५ मध्येच 'किमान वर्ग' पद्धत प्रसिद्ध केली होती. गाऊस म्हणाला, मी ती १७९५ पासून वापरतोय. लजांद्र भडकला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. फोटोतल्या ठिपक्यांवर घंटेचा आलेख बसवायला सॉफ्टवेअर आज हीच पद्धत वापरतं.

काम पूर्ण घासूनपुसून झाल्याशिवाय छापायचं नाही, हा त्याचा हट्ट. याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती यानोश बोयाईने. हा गाऊसच्या जुन्या मित्राचा मुलगा. त्याने युक्लिडपेक्षा वेगळी भूमिती उभी केली. १८३२ मध्ये गाऊसने मित्राला कळवलं की हे तर माझ्याकडे कित्येक वर्षांपासून आहे. बोयाई खचला. त्यानंतर गणितातलं त्याने काहीच छापलं नाही.

गाऊस १८५५ मध्ये गॉटिंगनला वारला. १८९८ मध्ये त्याची डायरी हाती आली, त्यात १४६ नोंदी होत्या. बऱ्याच शोधांच्या तारखा तेव्हा कळल्या.

लघुग्रहांच्या कक्षांसाठी साधारण १८०५ मध्ये त्याने आकडेमोड झटपट उरकायची आणखी एक रीत लिहिली होती. ती मरणानंतर लॅटिनमध्ये छापली गेली, कुणी फारसं पाहिलं नाही. १९६५ मध्ये कूली आणि टुकी या अमेरिकनांनी ती नव्याने शोधली. तिलाच आता एफएफटी म्हणतात. बीम पुढे जाऊन किती पसरेल, हे बरीच सॉफ्टवेअर तिच्यावरच काढतात.