अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

'अंगणवाडी' हा शब्द आज सर्वांच्या परिचयाचा आहे. पण शाळा मुलाच्या अंगणात नेण्याची कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे कार्य नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत. गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींना त्या अधिक जवळच्या वाटाव्यात, कारण त्यांच्या कार्याचा पाया याच भूमीत घातला गेला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी, प्रार्थना समाजाचे संस्कार असलेल्या केळकर कुटुंबात झाला. मुलींच्या शिक्षणाला घरोघरी विरोध होत असे, त्या काळात १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या खंबीरपणे उभ्या राहिल्या आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरच्या 'दक्षिणामूर्ती' संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याला स्वतःच्या हातांनी करू द्यावे, हे माँटेसरी पद्धतीचे तत्त्व दोघांनी आपल्या मातीत रुजवले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला 'शिशुविहार' सुरू केले.

शहरात काम स्थिरावले, तरी खेड्यातले गरिबाचे मूल त्यापासून दूरच होते. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन थोरली बहीण घर राखत असे. पोट अर्धे भरलेले, अंगावर मळ, नव्या माणसाची भीती; अशा मुलाने शाळेत यावे तरी कसे?

तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने यांचा उपयोग होई. सारे घरापुढेच चालत असल्याने आयाबायांच्याही ते नजरेस पडे आणि स्वच्छतेचा धडा वेगळा द्यावा लागत नसे.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथील 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. भावंड पाळणाघरात सुरक्षित राहिले की बहिणीला वर्गात बसता येई. एका सोयीने दोन्ही मुलांचे भले होई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्र देणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

या चरित्रातून आम्ही एक गोष्ट घेतो. लहान मुलाचे आरोग्य केवळ औषधाच्या बाटलीत नसते. वेळेवर अन्न, स्वच्छ पाणी, लस, पुरेशी झोप, मारझोड नसलेले घर आणि त्याच्याशी बोलणारे, खेळणारे माणूस या साऱ्यांवर ते अवलंबून असते. यातले एक जरी कमी पडले, तरी शिकणे अडते.

शिशुवर्गाच्या प्रवेशाच्या वेळी मूल लिहायला कधी लागेल, असे पालक आम्हांला हमखास विचारतात. ते नीट जेवते का, किती वाजता झोपते, दिवसभर कोणाजवळ असते, हे प्रश्न आधी यायला हवेत. विश्वस्त मंडळींनीही शिशुवर्गासाठी हात धुण्याची सोय, खेळायला मोकळी जागा आणि उंची-वजनाची नियमित नोंद यांना नव्या बाकांइतकेच महत्त्व द्यावे, ही विनंती. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी धाकटे भावंड असेल, तर आज संध्याकाळी त्याचे हात स्वच्छ धुऊन त्याला एक गोष्ट सांगा. ताराबाईंच्या अंगणातला पहिला पाठ हाच होता.