बिनतारी संदेशाचा शोध लावणारा मार्कोनी



आपल्या करावे गावात दिवसा रेल्वेचा आवाज फारसा ऐकू येत नाही. पण रात्री सामसूम झाली की लोकलचा खडखडाट अगदी खिडकीशी आल्यासारखा वाटतो. आमचे आजोबा सांगतात, त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरचंही तसंच होतं. दिवसा मुंबई केंद्र लागायचं. रात्री मात्र पार गुजरातेतली, मध्य प्रदेशातली केंद्रंसुद्धा खरखरत लागायची. असं का बरं होतं? रेडिओची ही गंमत ज्याने जगाच्या लक्षात आणून दिली, त्या मार्कोनीची ही गोष्ट.

गुग्लिएल्मो मार्कोनी याचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जमीनदार होते, आई आयर्लंडची होती. मार्कोनीचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. बरेचसे तो घरीच शिकला. पण विजेच्या प्रयोगांचे त्याला भारी वेड! हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी शोधून काढल्या होत्या. त्याविषयी वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या मनात आले, की या लहरींवरून तारेशिवाय निरोप धाडता येईल. मग घराचा माळा हीच त्याची प्रयोगशाळा झाली.

आधी त्याने खोलीच्या एका टोकाला कळ दाबून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवली. नंतर १८९५ साली यंत्र टेकडीपलीकडे नेले. तिथे त्याचा भाऊ बंदूक घेऊन थांबला. संदेश मिळाला तर बार काढायचा, असे ठरले होते. मार्कोनीने इकडे कळ दाबली आणि टेकडीपलीकडून धाडकन बार झाला!

१८९६ साली तो आईबरोबर इंग्लंडला गेला. १८९९ मध्ये त्याने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रापलीकडे संदेश पाठवला. पुढे त्याला अटलांटिक महासागर ओलांडायचा होता. पृथ्वी गोल आहे, लहरी सरळ जातात, तेव्हा त्या आकाशात निघून जातील, असे पुष्कळ विद्वानांचे मत होते. तरी त्याने हट्ट सोडला नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर त्याने पतंगाला तार बांधून ती उंच चढवली. इंग्लंडमधून सुटलेले तीन ठिपके, म्हणजे एक इंग्रजी अक्षर, त्याच्या कानी पडले. अंतर होते सुमारे ३५०० किलोमीटर!

पण पुरावा काय? आवाज ऐकला होता फक्त मार्कोनीने आणि त्याच्या मदतनिसाने. कित्येकांना ते खरे वाटेना. मार्कोनी भांडत बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावर यंत्र घेऊन चढला. या वेळी संदेश कागदाच्या पट्टीवर आपोआप उमटत होते आणि कप्तान साक्षीला होता. तेव्हा एक नवलच दिसले. दिवसा सुमारे ११०० किलोमीटरपुढे संदेश मिळेना. रात्री मात्र तो सुमारे २५०० किलोमीटरपर्यंत स्पष्ट मिळाला. ते तीन ठिपके तर ३३०० किलोमीटरच्याही पुढे पोचले!

याचे कारण मार्कोनीला ठाऊक नव्हते. उन्हामुळे पाठवणाऱ्या तारेतली वीज गळत असावी, असे त्याला वाटले. तो अंदाज चुकीचा निघाला. पण त्याने आपले आकडे लपवले नाहीत, म्हणून इतरांना पुढे शोध घेता आला. १९०२ सालीच केनेली आणि हेविसाइड यांनी सुचवले, की आकाशात उंचावर विद्युतभारित कणांचा थर असावा. १९२४ साली अ‍ॅपल्टनने तो असल्याचे सिद्ध केले. यालाच आयनांबर म्हणतात. दिवसा उन्हामुळे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आणखी एक थर तयार होतो. वाळूने पाणी प्यावे, तसा तो रेडिओच्या मध्यम लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि भिंतीवर चेंडू आपटावा तशा दूरवर परत खाली येतात.

लोकलच्या आवाजाचे कारण मात्र निराळे आहे बरं का! आवाज काही इतक्या उंच जात नाही. दिवसा जमिनीलगतची हवा तापते, म्हणून आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमीन निवते, खालची हवा थंड आणि वरची ऊबदार असते. म्हणून आवाज खाली वळतो आणि लांबपर्यंत ऐकू येतो. शिवाय दिवसाचा गलबलाही नसतो.

आता या शोधाचा उपयोग बघा. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक जहाज रात्री हिमनगावर आदळले. दीड हजारांवर माणसे बुडाली. पण बिनतारी हाक ऐकून कार्पेथिया जहाज धावून आले आणि सुमारे ७०० जणांचे प्राण वाचले. आपल्या गावात मासेमारी करणारी घरे आहेत. घरचे माणूस पाण्यावर असताना वादळाची खबर वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको.

मार्कोनीला १९०९ साली ब्राउन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला, तरी काम थांबले नाही. त्याच्या पद्धतीची केंद्रे आपल्या महाराष्ट्रात खडकी आणि दौंड येथे उभी राहिली आणि १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेश सुरू झाले. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे रेडिओ केंद्रही सुरू झाले. मात्र हा शोध एकट्याचा नाही. मार्कोनीच्याच काळात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवली होती. त्यांचेही नाव आपण विसरता कामा नये.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनीचे निधन झाले. त्या वेळी बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे संदेश बंद ठेवून त्याला आदरांजली वाहिली.

मित्रांनो, लोकांनी खोटे ठरवले तर रुसू नये, पुन्हा मोजून दाखवावे, हे मार्कोनीपासून शिकावे. ज्यांच्या घरी जुना ट्रान्झिस्टर असेल त्यांनी दुपारी किती केंद्रे लागतात आणि रात्री किती, ते वहीत लिहून आणा. आपण ते आकडे याच फलकावर लावू!