तारेचा ठेका जुळवणारे एमिल बोदो

मोडेमच्या वेगाबद्दल बोलताना ‘बॉड’ हा शब्द कानावर पडतो. तारेतून एका सेकंदात किती संकेत पाठवले जातात हे मोजण्याचे ते एकक आहे. आडनावाचे एकक झालेले हे गृहस्थ म्हणजे एमिल बोदो. ते ना कुठल्या विद्यापीठात शिकले होते, ना अभियांत्रिकीच्या शाळेत.

११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न भागातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावातल्या प्राथमिक शाळेनंतर ते वडिलांच्या शेतीत राबले आणि १८६९ मध्ये तार खात्यात उमेदवार म्हणून लागले. मोर्सचे यंत्र ते शिकले, पुढे ह्यूजचे अक्षरे छापणारे यंत्रही. मधल्या काळात प्रशियाशी युद्ध झाले, त्यातही त्यांनी थोडा काळ सेवा केली.

तारयंत्रावर बसणाऱ्याला एक गोष्ट लगेच लक्षात येते. माणसाचा हात फार हळू चालतो आणि मैलोन् मैल टाकलेली महागडी तार बराच वेळ रिकामी राहते. ही तार चौघांनी वाटून घेतली तर? बोदो यांनी खात्याच्या कामाबाहेरच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १८७४ मध्ये त्यांनी पेटंट घेतले.

त्यांच्या यंत्राला पियानोसारख्या फक्त पाच कळा होत्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. प्रत्येक कळ दाबलेली किंवा न दाबलेली, म्हणजे एकूण ३२ जुळण्या. मुळाक्षरांना तेवढ्या पुरतात, आणि आकडे व चिन्हे त्याच जुळण्यांवर दुसऱ्या संचात बसवता येतात. पाच कळा एकाच वेळी दाबल्या जात, पण तार एकच. म्हणून धातूच्या तुकड्यांच्या एका चकतीवरून ब्रश फिरे आणि पाचही कळांची स्थिती एकामागून एक तारेत सोडे. पुढचे पाच तुकडे दुसऱ्या तारमास्तराचे, त्यापुढचे तिसऱ्याचे. पलीकडच्या शहरात तशीच चकती, तसाच ब्रश. आलेले संकेत तो पाच विद्युतचुंबकांना क्रमाने वाटून देई. पाचवा संकेत पोहोचला की पाचही चुंबकांची स्थिती एकदम वाचली जाई आणि कागदी पट्टीवर अक्षर उमटे.

हे सारे चालते ते दोन्ही ब्रश एकाच क्षणी एकाच क्रमांकाच्या तुकड्यावर असतील तरच. बोदो यांच्या संकेतात फक्त पहिली कळ म्हणजे ए, फक्त दुसरी म्हणजे ई आणि फक्त तिसरी म्हणजे वाय. पलीकडचा ब्रश एकच घर पुढे गेला की ए पाठवले तरी ई छापले जाणार. तार तुटलेली नाही, यंत्र बिघडलेले नाही, आणि तरीही साऱ्या मजकुराचा चुथडा. शेकडो किलोमीटर अंतरावरची दोन यंत्रे आपापली तंतोतंत एका गतीने फिरतील, ही आशा व्यर्थच होती.

बोदो यांनी तशी आशा धरलीच नाही. एका टोकाचा ब्रश मुद्दामच किंचित जास्त वेगाने फिरता ठेवला जाई. दुसऱ्या टोकाकडून दर फेरीला दुरुस्तीचा एक खास संकेत येई. ब्रश पुढे सरकलेला आढळला की एक विद्युतचुंबक त्याला जरासा मागे रोखे. चूक साचण्याआधीच ती पुसली जाई. गती अचूक ठेवण्यापेक्षा चूक एकाच दिशेने होऊ देणे आणि ती वारंवार सुधारणे त्यांना सोपे वाटले.

माणसालाही या ठेक्यात यावे लागे. ब्रश मिनिटाला साधारण १८० फेऱ्या घेई. प्रत्येक फेरीला कळफलकातून ‘टक्’ आवाज येई आणि त्याबरहुकूम पुढचे अक्षर दाबावे लागे. बोटे चुकली तर अक्षर चुकले. हे शिकायला वेळ लागे, पण एकदा जमले की एका तारेवर चौघे जण, प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३० शब्द पाठवू शकत.

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर हे यंत्र सुरू झाले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. पाच घटकांच्या संकेतावर खात्यातल्याच एका सहकाऱ्याने हक्क सांगितला आणि वाद न्यायालयात गेला. वास्तविक पाच घटकांची कल्पना गाउस आणि वेबर यांच्याइतकी जुनी आहे. बोदो यांचे मोठे काम या ताळमेळाचेच. पुढे ही यंत्रे भारतातल्या तार कार्यालयांतही आली.

खात्याने त्यांना अभियंत्याचे पद दिले. प्रकृतीने मात्र कधी साथ दिली नाही. १८९० च्या जानेवारीत त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या तीन महिन्यांत पत्नीचे निधन झाले. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळ सो येथे ते वारले. वय होते ५७.

नंतरच्या टेलिप्रिंटरांनी प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरू’ आणि शेवटी एक ‘थांबा’ संकेत जोडला. बोदो यांची दर फेरीची दुरुस्ती आता दर अक्षराला होऊ लागली आणि ठेका धरून बसण्याच्या सक्तीतून तारमास्तर सुटला. संगणकाच्या साध्या सीरियल जोडणीतली चिप आजही ‘सुरू’ संकेताची कड दिसताच आपले घड्याळ नव्याने मोजू लागते, ओळीने आलेले बिट एकेक करून साठवते आणि सगळे जमले की एकदम पुढे देते.