नृत्ययात्री उदय शंकर

आमच्या दौलताबादहून घाट ओलांडून गेले की वेरूळ येते. तेथे दगडात कोरलेला नृत्यमग्न शिव पाहायला देशोदेशीचे लोक येतात. आमच्या घरात मात्र नाचणे हे भल्या घरचे लक्षण मानले जात नाही. कॉलेजात आलेली घरातली पहिली मुलगी मी. गेल्या स्नेहसंमेलनात मी नाचले, कोणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि गावभर फिरले. दोन दिवस घरात कोणी माझ्याशी बोलले नाही. पडद्यावरची ती मुलगी मीच का, असा प्रश्न मलाही पडला. त्याच सुमारास उदय शंकर यांचे चरित्र वाचनात आले.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि १९२० पासून लंडनमध्ये ते चित्रकला शिकले. नृत्याचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. तरीही १९२३ साली थोर रशियन नर्तिका ॲना पाव्हलोवा राधा झाल्या आणि हा तरुण चित्रकार त्यांचा कृष्ण झाला. कुंचला मागे पडला. १९३० साली शिल्पकार ॲलिस बोनर यांच्यासह त्यांनी भारतभ्रमण केले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला स्वतःचा संच रंगमंचावर आणला.

पुढे अल्मोड्याला त्यांनी कलाकेंद्र काढले. गुरुदत्त तेथलेच विद्यार्थी. श्रम आणि यंत्र यांवरील नृत्यनाट्यात त्यांनी यंत्राचाच भाग होऊन गेलेला कामगार दाखवला. महायुद्धाच्या काळात केंद्र बंद पडले. कलाकेंद्राचे तेच स्वप्न त्यांनी 'कल्पना' या १९४८ च्या चित्रपटात मांडले. चित्रपट चालला नाही, पण ते थांबले नाहीत. १९७० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कलकत्त्यात 'शंकरस्कोप' सादर केले. त्यात पडद्यावर दिसणारी माणसे प्रत्यक्ष रंगमंचावर उतरत आणि पुन्हा पडद्यात शिरत. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपण बंद खोलीत मोबाईलसमोर नाचतो. अनोळखी लोक वाहवा करतात, घरच्यांना पत्ता नसतो. उदय शंकर यांनी पडद्याला शत्रू मानले नाही. पण त्यातल्या माणसाला त्यांनी प्रेक्षकांसमोर आणून उभे केले. मला हेच मोठे वाटते. यंदाच्या संमेलनात मी आईला पुढच्या रांगेत बसवणार आहे. पडद्यावरची मुलगी तिने पाहिली आहे, रंगमंचावरची अजून पाहिलेली नाही.