'आप जैसा कोई' गायली तेव्हा ती शाळेत होती : नाझिया हसनची गोष्ट

लग्नाचं संगीत असो, कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर गणपतीतला ऑर्केस्ट्रा, 'आप जैसा कोई' वाजलं नाही असं सहसा होत नाही. गाणं सुरू झालं की डोळ्यांसमोर येते ती 'कुर्बानी'मधली झीनत अमान. क्लब, चमचमते दिवे, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे आहेत हे पक्कं माहीत असलेली बाई.

पण तो आवाज ज्या मुलीचा होता, ती तेव्हा लंडनमध्ये शाळेत जात होती. वय जेमतेम १५. गाव कराची. नाव नाझिया हसन.

एका गाण्याने ती भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या घराघरांत पोहोचली. पुढची दहा-बारा वर्षं सख्ख्या भावासोबत तिने पॉप संगीत गाजवलं. मग स्वतःहून माईक खाली ठेवला, न्यूयॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसात नोकरी धरली आणि वयाच्या ३५व्या वर्षी कॅन्सरने गेली. गाणं सगळ्यांना पाठ आहे, गाणारीची गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नाही.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीतला. वडील बसीर हसन व्यावसायिक, आई मुनीझा समाजकार्यात. घरची परिस्थिती चांगली होती, त्यामुळे मुलांचं बालपण कराची आणि लंडन असं दोन्हीकडे गेलं. नाझियाच्या पाठीवर झोहेब, दीडेक वर्षाने लहान. दोघांनाही गाण्याचा नाद. पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सोहेल राणा यांचा मुलांसाठी एक गाण्याचा कार्यक्रम लागायचा, 'संग संग चलें' नावाचा. हसन भावंडं त्यात गायची. पण ती हौस. शाळेचा अभ्यास आधी, गाणं नंतर, असा घरचा रिवाज होता. हा रिवाज लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता यात फिरोज खान कुठून आला?

फिरोज खान तेव्हा 'कुर्बानी' बनवत होता. निर्माता, दिग्दर्शक आणि हिरो सगळं तोच. सिनेमाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं त्याला अगदी वेगळं हवं होतं. लंडनच्या डिस्कोत वाजेल असं. त्यासाठी त्याने गाठलं बिद्दूला.

बिद्दू हे प्रकरणही भारी आहे. बंगळुरूचा हा पोरगा १९६० च्या दशकात नशीब काढायला इंग्लंडला गेला आणि १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्याने प्रोड्यूस केलं. ते गाणं इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. त्यानंतर टीना चार्ल्सलाही त्याने इंग्लंडात पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. हिंदी सिनेमाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता आणि त्याला तो जोडायचाही नव्हता. पण फिरोज खानही मूळचा बंगळुरूचाच. गाववाल्याने गाववाल्याला गळ घातली आणि बिद्दू एका गाण्यापुरता तयार झाला.

गायिका कोण? याचं उत्तर लंडनमधल्या एका पार्टीत सापडलं. तिथे फिरोज खानची गाठ नाझियाशी पडली. त्याला तिचा आवाज वेगळा वाटला आणि त्याने तिला बिद्दूकडे ऑडिशनला पाठवलं. तो आवाज गोड, कोवळा, किंचित नाकातून येणारा. हिंदी सिनेमातल्या कुठल्याच पार्श्वगायिकेच्या आवाजाशी तो जुळत नव्हता. तसं पाहिलं तर हीच अडचण ठरायला हवी होती. बिद्दूला नेमकं तेच आवडलं. रेकॉर्डिंग लंडनमध्येच झालं आणि शाळकरी पोरीचा आवाज २८ वर्षांच्या झीनत अमानच्या ओठांवर जाऊन बसला.

'कुर्बानी' १९८० मध्ये आला आणि वर्षातला सगळ्यात मोठा हिट ठरला. गंमत म्हणजे १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय सिनेमांवर बंदी होती. म्हणजे जिचं गाणं अख्ख्या भारताला वेड लावत होतं, तिच्याच कराचीतल्या थिएटरात तो सिनेमा लागू शकत नव्हता. अर्थात बंदीने गाणं थोडंच अडतं? कॅसेट आणि व्हिडिओच्या जमान्याला नुकतीच सुरुवात झाली होती.

१९८१ मध्ये नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर मिळाला. वय १५. या गटात इतक्या लहान वयात हा पुरस्कार दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लतादीदींनी नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून या पुरस्कारातून आधीच माघार घेतली होती, आणि १९७९ च्या पुरस्कारानंतर आशाताईंनीही आपलं नाव विचारात घेऊ नका असं कळवलं होतं. मंगेशकर भगिनींनी रिकाम्या केलेल्या मैदानात कराचीची एक पोरगी येऊन जिंकून गेली. म्हणून तिचं यश लहान होत नाही, पण दार कसं उघडलं ते माहीत असलेलं बरं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

रेकॉर्ड कंपनी एचएमव्हीला आता तसलाच माल आणखी हवा होता. बिद्दूच्या डोक्यात अख्खा अल्बम होता, तोही सिनेमाशिवाय. आणि त्यात नाझिया एकटी नाही, सोबत भाऊ झोहेब. पाश्चात्त्य पॉपमध्ये भावंडांची जोडी नवी नव्हती. अमेरिकेत रिचर्ड आणि कॅरन कारपेंटर या बहीण-भावाने सत्तरचं दशक गाजवलं होतं. आपल्याकडे मात्र तोवर असं कुणी केलं नव्हतं.

१९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' आला. तो नेमका कशामुळे वेगळा होता, हे थोडं समजून घ्यायला हवं. बिगरफिल्मी गाणी आपल्याला नवी नव्हती. मराठी घरात तर भावगीतं आणि अभंगांच्या रेकॉर्डी कधीपासून वाजत होत्या, हिंदी-उर्दूत गझला होत्या. पण तरुण पोरांनी नाचावं असं गाणं हवं असेल तर ते सिनेमातूनच यायचं, आणि चेहरा हिरो-हिरॉईनचा असायचा. 'डिस्को दीवाने'मध्ये हिरो नाही, हिरॉईन नाही, कथा नाही. गाणारी दोन पोरंच स्टार. बहीण १६ वर्षांची, भाऊ त्याहून लहान. झोहेब नुसता साथीला नव्हता, तो गायचा आणि चाली बांधण्यातही त्याचा हात असायचा.

अल्बम भारतात धडाधड विकला गेला, पाकिस्तानात विकला गेला आणि जिथे जिथे आपली माणसं होती तिथे तिथे पोहोचला. हिंदी-उर्दूचा गंधही नसलेल्या ब्राझीलसारख्या देशातही तो वाजला. पुढे ज्याला 'इंडीपॉप' म्हणू लागलो त्याचा पाया कुणी घातला असं विचारलं, तर या अल्बमचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. तो पाया घालणारी दोन मुलं पाकिस्तानी होती, हेही विसरून चालत नाही.

पुढच्या वर्षी 'स्टार' नावाचा सिनेमा आला. हिरो कुमार गौरव, संगीत बिद्दूचं, आवाज नाझिया-झोहेबचे. सिनेमा आपटला. गाणी मात्र 'बूम बूम' या अल्बमच्या रूपाने तरली. १९८४ मध्ये 'यंग तरंग' आला, तो ऐकण्याइतकाच बघण्याचाही अल्बम होता. लंडनमध्ये गाण्यांचे व्हिडिओ शूट केलेले. आपल्याकडे एमटीव्ही यायला तेव्हा बरीच वर्षं होती. १९८७ मध्ये 'हॉटलाइन'. गाणी चालत होती, पण पहिल्या दोन वर्षांतला तो धुमाकूळ पुन्हा झाला नाही, हेही खरं.

या सगळ्या काळात पाकिस्तानात काय चाललं होतं? जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट. १९७७ मध्ये सत्ता हातात घेतल्यापासून झियांनी देशाचं इस्लामीकरण सुरू केलं होतं. टीव्हीवर बाईने कसं दिसावं, डोक्यावर काय घ्यावं, याचे नियम सरकार ठरवत होतं. अशा देशात एक तरुण मुलगी भावासोबत डिस्को गाते, तेही आधी भारतात गाजून येते, म्हटल्यावर कर्मठ मंडळींच्या कपाळावर आठ्या येणारच. भाऊ शेजारी उभा असणं हे त्या काळात तिचं एक प्रकारचं संरक्षणही होतं. परक्या पुरुषासोबत प्रेमाची गाणी म्हणणाऱ्या मुलीपेक्षा सख्ख्या भावासोबत गाणारी मुलगी लोकांना जरा कमी खुपत होती.

१९८८ मध्ये झियांचा विमान अपघातात मृत्यू झाला, निवडणुका झाल्या, बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. लगेच पुढच्या वर्षी पाकिस्तान टीव्हीवर 'म्युझिक ८९' नावाचा कार्यक्रम झाला. निर्माता शोएब मन्सूर आणि सूत्रसंचालक कोण, तर नाझिया आणि झोहेब. सरकारी टीव्हीवर निव्वळ पॉप संगीताचा असा कार्यक्रम पहिल्यांदाच होत होता. त्यावरून धार्मिक संघटनांनी आरडाओरडा केलाच, पण दहा वर्षं दबून राहिलेली तरुण पिढी ते बघून उसळली. पाकिस्तानात त्यानंतर पॉप बँडची जी लाट आली, ती या भावंडांनी आधीच पाडून ठेवलेल्या वाटेवरून आली.

म्हणजे नाझिया आता २४ वर्षांची, दोन देशांत नाव झालेली. कुणालाही वाटेल की आता ही मुंबईत घर घेईल, सिनेमात काम करेल. सिनेमाच्या ऑफर तिला येतही होत्या. तिने त्या घेतल्या नाहीत.

कारण घरचा तो जुना रिवाज. अल्बम निघत होते तेव्हाही ती शिकत होती. लंडनच्या रिचमंड विद्यापीठातून तिने बिझनेस आणि अर्थशास्त्रात पदवी घेतली, मग लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. १९८९ मध्ये, म्हणजे टीव्हीवर 'म्युझिक ८९' गाजत होतं त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या महिला नेतृत्वाच्या एका कार्यक्रमात तिने इंटर्नशिप केली. १९९१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मुख्यालयात रुजू झाली, सुरक्षा परिषदेच्या कामाशी संबंधित विभागात. जिच्या आवाजावर अर्धी आशिया नाचली ती बाई गळ्यात ओळखपत्र अडकवून फायली चाळत बसली होती. तिच्यासाठी यात विचित्र काही नव्हतं. गाणं हा तिच्या आयुष्याचा एक भाग होता, अख्खं आयुष्य तिने त्याच्या नावावर कधीच लिहून दिलं नव्हतं.

दुसरा भाग होता समाजकार्याचा, आईकडून आलेला. कराचीत तेव्हा हेरॉइनने तरुणांची वाताहत चालवली होती. अफगाण युद्धाच्या काळात शेजारून येणारा माल शहरात मुरला होता. नाझिया-झोहेबने 'बॅटल अगेन्स्ट नार्कोटिक्स' नावाची संघटना उभी केली. १९९२ मध्ये आलेला त्यांचा शेवटचा अल्बम 'कॅमेरा कॅमेरा' याच मोहिमेशी जोडलेला होता. भारतातही राजस्थानातल्या गरीब मुलांसाठी निधी उभा करायला तिने हातभार लावला होता.

'कॅमेरा कॅमेरा'नंतर ती गाण्यातून बाहेर पडली. तिची जागा किती मोठी होती हे एका किश्श्यावरून कळतं. बिद्दूने 'मेड इन इंडिया' हे गाणं आधी नाझियाला देऊ केलं होतं असं सांगितलं जातं. पाकिस्तानी मुलीने हे गाणं गायलं तर आपल्या देशातल्या लोकांना ते लागेल म्हणून तिने नकार दिला. १९९५ मध्ये ते अलिशा चिनॉयने गायलं आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

न्यूयॉर्कमधल्या कामामुळे तिला कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती घेता आली नाही, कारण त्याच सुमारास कॅन्सरचं निदान झालं. तिशीही गाठलेली नव्हती.

१९९५ मध्ये कराचीत तिचं लग्न झालं. १९९७ मध्ये मुलगा झाला. आजार मधूनमधून हटायचा आणि परत यायचा. संसारही सुखाचा झाला नाही, त्यावरून दोन्ही घरांमध्ये आलेली कटुता तिच्या मृत्यूनंतरही संपली नाही. त्या भांडणाच्या खोलात इथे शिरायचं कारण नाही. शेवटी कॅन्सर फुप्फुसात होता. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमधल्या एका हॉस्पिसमध्ये नाझिया गेली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. लंडनच्याच हेंडन कब्रस्तानात तिला दफन केलं.

झोहेबने गाणं जवळपास सोडून दिल्यासारखं केलं. पहिल्या अल्बमपासून शेवटच्या अल्बमपर्यंत त्याचं नाव कायम बहिणीच्या नावाला जोडूनच आलं होतं. भारतात तर आजही नुसतं झोहेब म्हटलं की लोकांना पटकन कळत नाही, 'नाझिया-झोहेब' म्हणावं लागतं. त्याचा स्वतःचा अल्बम 'किस्मत' यायला २००६ साल उजाडलं.

पाकिस्तान सरकारने २००२ मध्ये नाझियाला मरणोत्तर 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' दिला. २३ मार्चला, पाकिस्तान दिनाच्या समारंभात, तो घ्यायला आई मुनीझा गेल्या. ज्या सरकारी व्यवस्थेला दहा-पंधरा वर्षांपूर्वी या मुलीचं टीव्हीवर दिसणं खुपत होतं, तिच्याच हातून तो आईच्या हाती आला. पुढच्या वर्षी आई-वडिलांनी लेकीच्या नावाने संस्था काढली, कराचीतल्या रस्त्यावरच्या आणि राबणाऱ्या मुलांसाठी.

भारतात २०१२ मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर' आला आणि 'डिस्को दीवाने' नव्या रूपात पुन्हा वाजलं. त्यावर नाचणारी आलिया भट, वरुण धवन आणि सिद्धार्थ मल्होत्रा ही तिघंही मूळ अल्बम आला तेव्हा जन्मलेली नव्हती. २०२२ मध्ये 'आप जैसा कोई'चाही रिमेक झाला. दोन्ही वेळा यूट्यूबवर मूळ गाणं शोधत गेलेल्या नव्या पोरांना तिथे एक सडपातळ, लाजरी, केस मोकळे सोडलेली मुलगी दिसली, आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ.