डिचपल्लीच्या डॉक्टरीणबाई आणि कडू कवठाचे तेल



आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत काचीगुड्याहून रेल्वेने नांदेड-परभणीकडे जातात. कामारेड्डी मागे पडले की निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली हे लहानसे स्टेशन लागते. एके काळी घरादाराने टाकून दिलेली माणसे या गावाची वाट विचारत येत असत. तेथे त्यांना औषध मिळे आणि माणूस म्हणून वागवले जाई. हे ज्यांच्यामुळे घडले, त्या डॉ. इझाबेल केर यांची ही ओळख.

इझाबेलबाईंचा जन्म १८७५ साली स्कॉटलंडमध्ये झाला. मुलींनी डॉक्टर होणे दुर्मिळ असलेल्या त्या काळात १९०३ मध्ये त्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती जॉर्ज केर हे धर्मोपदेशक होते. १९०७ मध्ये हे दाम्पत्य मिशनच्या कामासाठी हैदराबाद संस्थानात आले. निजामाबाद भागात काम करताना कुष्ठरोग्यांचे हाल बाईंच्या नजरेस पडले. या रोगाचे जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधले होते. तरी लोक रोग्याला पापी समजत व गावाबाहेर काढत. १९११ मध्ये बाईंनी निजामाबादला कुष्ठरोग्यांसाठी केंद्र सुरू केले. लवकरच ती जागा अपुरी पडू लागली. तेव्हा राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९१५ मध्ये डिचपल्लीचे रुग्णालय उभे राहिले.

इमारत झाली, पण औषधाचे काय? औषध म्हणून माहीत होते ते एक तेल. आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात कडू कवठ नावाचे झाड होते. त्याच्या बियांचे तेल, आणि त्याच्याच जातीतल्या चालमोग्र्याचे तेल, कुष्ठरोगावर फार पूर्वीपासून वापरात होते. सुश्रुतसंहितेतही तुवरक या नावाने त्याचा उल्लेख येतो. अडचण एकच होती. तेल रोग्याच्या शरीरात पोहोचवायचे कसे?

अंगाला चोळावे तर ते वरच राही. याचे कारण आपल्या कातडीच्या रचनेत आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. पण त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या असतात. या भिंतीतून कोणी जायचे, हे त्या पदार्थाच्या गुणधर्मांवर ठरते. रेणू लहान हवा. त्याचे वजन साधारण ५०० च्या आत असले तर बरे. तो थोडा तेलात आणि थोडा पाण्यातही विरघळणारा हवा. नुसता पाण्यात विरघळणारा पदार्थ या स्निग्ध लेपाशीच अडतो. नुसता तेलात विरघळणारा पदार्थ लेपात शिरतो, पण खालच्या ओलसर थरात उतरत नाही. कडू कवठाच्या तेलाचे मोठे रेणू सुमारे ८८० वजनाचे असतात आणि पाण्याशी त्यांचे जराही जमत नाही. कुष्ठरोगाचे जंतू मात्र कातडीच्या खोल थरांत आणि मज्जातंतूंत दडलेले असतात. मग चोळून उपयोग कसा व्हावा? पोटात घ्यावे तर मळमळ आणि उलट्या. राहता राहिली सुई; पण दाट तेल टोचले की ते तेथेच साठून राही, गाठी येत आणि फार दुखे.

हा प्रश्न सोडवण्यासाठी जगात अनेकांची बुद्धी खर्ची पडत होती. हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने १९१५ च्या सुमारास तेलातील आम्लांपासून एथिल एस्टर तयार केले. त्यांचे रेणू मूळच्या तेलापेक्षा पुष्कळच लहान असल्याने औषध पातळ झाले आणि टोचता येऊ लागले. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, ती वारली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनीही इंजेक्शनाच्या पद्धती सुधारल्या. या नव्या उपचाराचा लाभ इझाबेलबाईंनी डिचपल्लीच्या रोग्यांना दिला. इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत आणि ती दुखतही. तरी रोगी येत राहिले, कारण बरे होण्याची आशा त्यांना पहिल्यांदाच दिसत होती.

१९२३ मध्ये सरकारने बाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

खरे सांगायचे तर त्या तेलाने सगळेच रोगी बरे झाले नाहीत. कित्येकांचा रोग उलटला. पुढे १९४० च्या दशकात डॅप्सोन आले. त्याच्या रेणूचे वजन सुमारे २४८. ते गोळी म्हणून पोटात घेता येते. ही गोळी नायजेरियात रूढ करणारे डॉ. जॉन लो पूर्वी डिचपल्लीलाच काम करत होते! १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि आज हा रोग पूर्ण बरा होतो.

पालकहो, आपणही एक गोष्ट ध्यानात ठेवू या. मलम असो वा शेतावर फवारायचे औषध, कातडीतून काय आत जाईल ते त्याच्या गुणधर्मांवर ठरते, आपल्या समजुतीवर नाही. कित्येक कीटकनाशके सहज आत शिरतात. म्हणून हातमोजे घालायचे. उलट कुष्ठरोग्याचा हात हातात घेतल्याने सहसा रोग जडत नाही. तरी लोक त्यालाच भ्याले.

इझाबेलबाई भ्याल्या नाहीत. त्यांच्याजवळ माया होती आणि औषध आत पोहोचवण्याचे शास्त्रही होते. मित्रांनो, पुढच्या वेळी डिचपल्ली स्टेशन आले की खिडकीतून जरूर पाहा आणि शेजारी बसलेल्याला ही गोष्ट सांगा.